सत्तेचाळीस नंबरची अपेक्षा

“नांद्रेकरबाई, तुमची ती कोण लिहिणारी आहे, तिनं आमच्या धनंजयला विचारलं, की तुम्ही शेवटचं कधी रडलात!”

फोनवर आष्ट्याचे मगदूम होते. मुलगा बत्तीस वर्षांचा, ट्रॅक्टरचं शोरूम, उंची पाच फूट दहा. माझ्या यादीतलं एक नंबरचं स्थळ.

“मग काय सांगितलं त्यानं?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“सांगितलं की! म्हैस मेली तेव्हा म्हणून. आता हे तुम्ही पुस्तिकेत छापणार? शोरूमचा मालक म्हशीसाठी रडतोय म्हणून? कोण पोरगी देईल आम्हाला?”

म्हैस छापणार नाही असा शब्द देऊन मी फोन ठेवला आणि लगेच स्वप्नाली गुरवला लावला. तिनं उचलला नाही. मेसेज आला, ‘मॅडम, मुलाखत चालू आहे.’ माझ्या केंद्रात, माझ्या कामासाठी, मलाच थांबायला सांगत होती ती. ती माझ्याकडं कामाला होती त्या सव्वा महिन्यात मी रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्यांदा बदलून घेतल्या.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागला माझं ‘रुखवत वधूवर सूचक केंद्र’ होतं. वर्षातून एकदा आम्ही मेळावा घ्यायचो आणि मेळाव्याच्या सकाळी परिचय पुस्तिका वाटायचो. प्रत्येक उमेदवाराला एक नंबर, एक फोटो, चार ओळी माहिती आणि शेवटी अपेक्षा. वर्षानुवर्षं त्या चार ओळी मीच लिहीत आले. सुस्वरूप, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. निर्व्यसनी, होतकरू, घरंदाज. पण मोबाइलवर लग्नं जमायला लागली तशी माणसं गळायला लागली. पुस्तिका छापणारे आमचे छापखानेवाले म्हणाले, “ताई, फोटो रंगीत केले, कागद गुळगुळीत केला, आता मजकूर तेवढा बदला. हल्ली कंटेंट रायटर मिळतात.” माझ्या दाताच्या डॉक्टरांनी स्वप्नालीचा नंबर दिला. त्यांच्या वेबसाइटवर तिनं रूट कॅनालबद्दल असं लिहिलं होतं, की वाचून माझीच भीती गेली होती.

ती आटपाडीला घरी बसून काम करायची. मेळाव्यापर्यंत मी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. सगळा व्यवहार फोनवर, मागे कुकरच्या शिट्ट्या.

“दोनशे बारा उमेदवार आहेत,” मी पहिल्या दिवशी तिला सांगितलं. “सगळ्यांचे फॉर्म पाठवलेत. त्यात माहिती आहे, तू फक्त आकर्षक भाषेत मांडायची.”

“होय मॅडम,” ती म्हणाली.

पाच दिवसांनी चार परिचय आले. दोनशे बारापैकी चार. मी चष्मा लावून वाचायला घेतले. पहिल्याच मुलीचं लिहिलं होतं, ‘भांडण झालं तर ही आधी जेवते, मग भांडते. उपाशीपोटी बोललेलं नंतर निस्तरावं लागतं, असं तिचं मत आहे.’

मी फोन लावला. “स्वप्नाली, हे काय लिहिलंयस?”

“खरं आहे मॅडम. तिनंच सांगितलं.”

“अगं, तिच्या फॉर्ममध्ये ‘शांत स्वभाव’ लिहिलंय!”

“फॉर्म तिनं भरलेला नाही. तिच्या वडलांनी भरलाय. मी सगळे बघितले, मॅडम. दोनशे बारातले एकशे नव्वद फॉर्म आईबापांच्या अक्षरात आहेत. ज्यांचं लग्न आहे त्यांना कुणी विचारलेलंच नाही बघा.”

“आपल्याकडं तशीच पद्धत आहे.”

“असू दे की. पण मला त्या फॉर्मवरून लिहायला येईना. सगळी मिळून एकच पोरगी आहे आणि एकच पोरगा. फोटो तेवढे बदललेत.”

मी तेरा वर्षं या धंद्यात होते. आटपाडीच्या सव्वीस वर्षांच्या पोरीनं मला हे ऐकवावं, याचा मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. पण करणार काय? मेळावा तोंडावर आलेला. नवीन माणूस शोधायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून रामकहाणी.

तिचे सहा प्रश्न होते. तेच सहा प्रश्न ती प्रत्येकाला फोन करून विचारायची, आणि आईबापांशी बोलायचीच नाही. एखादीची आई फोनवर आली, की ही म्हणायची, “काकू, तुमचं झालंय न्हवं लग्न? मग फोन तिच्याकडं द्या.” दिवसाला दहा मुलाखती ती घ्यायची आणि दिवसाला दहा तक्रारी मी. एक मुलगा म्हणाला मला आंघोळीला पाऊण तास लागतो, हिनं लिहिलं. एक मुलगी म्हणाली मला स्वयंपाक येतो पण पाहुणे आले की राग येतो, हिनं लिहिलं. मी खोडायची, ती पुन्हा घालायची. मी म्हणायची, “मी तुला कामाला ठेवलंय की तू मला?” ती म्हणायची, “तुम्हीच ठेवलंय मॅडम. म्हणून तर नीट करतेय.”

आणि वैताग असा, की तिचं चालत होतं. आधी जेवून मग भांडणाऱ्या मुलीचा परिचय मी छापखान्यात नमुन्याला दिला होता, तो तिथून कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवला. पुस्तिका यायच्या आधीच तिच्यासाठी तीन घरांचे फोन आले. एक मुलगा तर स्वतः केंद्रात आला आणि म्हणाला, “मॅडम, मला अशीच पाहिजे. आमच्या घरात सगळे उपाशीपोटी भांडतात.” मी त्याला चहा दिला आणि स्वप्नालीला यातलं काही सांगितलं नाही. तिला डोक्यावर बसवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

माझ्या वैतागाचं खरं कारण वेगळंच होतं. माझं सगळं लक्ष सत्तेचाळीस नंबरवर होतं.

सत्तेचाळीस नंबर म्हणजे माझी मुलगी शलाका. वय तेहेतीस, मिरजेच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दोनशेच्या वर लग्नं जमवली मी, आणि पोटच्या मुलीचं जमेना. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण दिव्याखाली अंधार म्हणत असतील हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. सहा वर्षांत एकोणीस स्थळं आली. पोहे व्हायचे, पत्रिका जुळायची, मोठी माणसं खूश असायची. मग कुणीतरी म्हणायचं, “दोघांना जरा बोलू द्या.” शलाका मुलाला घेऊन गच्चीवर जायची. दहा मिनिटांनी दोघं खाली यायची आणि आठवड्याभरात नकार यायचा. एकोणीस वेळा हेच. मला वाटायचं, हिची जीभ तिखट, वर जाऊन काहीतरी फटकन बोलत असणार. विचारलं तर म्हणायची, “काही नाही बोलले. जे आहे ते बोलले.”

त्या वर्षी तिनं मला बजावलं होतं, “आई, हा शेवटचा मेळावा. यानंतर माझं नाव कुठल्याही यादीत घालायचं नाही. घातलंस तर मी घर सोडून मिरजेला खोली घेईन.” ती बोलल्याप्रमाणे वागणारी होती. म्हणून सत्तेचाळीस नंबरचा मजकूर मी स्वतः लिहिला होता, सहा वर्षं घासून पुसून गुळगुळीत केलेला. सुस्वरूप, सुसंस्कारित, कामात तत्पर. आई : वधूवर केंद्र संचालिका. वडील : नोकरीनिमित्त बाहेरगावी. अपेक्षा : उच्चशिक्षित, निर्व्यसनी, पुणे-सांगली-कोल्हापूर.

स्वप्नालीला मी सांगून ठेवलं होतं, की याला हात लावायचा नाही.

मेळावा रविवारी होता. बुधवारी फाइल छापखान्यात जायची होती आणि मंगळवारी दुपारी स्वप्नालीनं ती मला पाठवली. मी थेट सत्तेचाळीसवर गेले. शलाकाचा फोटो होता आणि खाली एकच ओळ होती, ‘उमेदवाराशी बोलणं झालेलं नाही.’

माझा तोल सुटला. फोनवर मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण शेजारच्या शिवणक्लासमधल्या मुली मशीन थांबवून ऐकत होत्या एवढं आठवतंय.

“माझा मजकूर कुठं गेला?” मी विचारलं.

“आहे की माझ्याकडं. पण तो त्यांचा नाही, तुमचा आहे.”

“मी आई आहे तिची!”

“दोनशे अकरा जणांच्या आयांना मी फोन खाली ठेवायला लावला, मॅडम. त्यातली एक जरी म्हणाली, नांद्रेकरबाईंनी स्वतःच्या पोरीचं मात्र स्वतःच लिहिलं, तर मी काय सांगू?”

“काही सांगू नकोस. तुझं काम संपलं. उद्यापासून फोनसुद्धा करू नकोस मला.”

कुकरची शिट्टी झाली. मग स्वप्नाली अगदी शांतपणे म्हणाली, “बरं. पण आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मी नको तर तुम्ही विचारा त्यांना. प्रश्न तुमच्याकडं आहेत. त्या काय म्हणतात ते मला सांगा, मी लिहिते. आणि त्यांनी सांगितलं की आईनं लिहिलंय तेच बरोबर आहे, तर तुमचंच छापू.”

मला ते बरं वाटलं. शलाकाला त्या दिवशी सुट्टी होती. पाच मिनिटांत उरकून टाकू असं ठरवून मी घरी गेले. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वर्तमानपत्रावर मेथी निवडत होती. मीही समोर बसले आणि प्रश्नांचा कागद मांडीवर घेतला.

“त्या बयेनं पाठवलेत. पटापट उत्तरं दे, मला छापखान्यात कळवायचंय.”

“विचार.”

“घरातलं कुठलं काम आवडत नाही?”

“कपड्यांच्या घड्या घालणं.”

“हे मला माहीत होतं.” मी लिहून घेतलं. “कुठल्या गोष्टीचा राग लगेच येतो?”

“पेशंटचे नातेवाईक पेशंटच्या वतीनं बोलायला लागले की. दुखतंय त्याला आणि सांगतात हे.”

मी मान वर न करता लिहीत होते. तिसरा, चौथा प्रश्नही झाला. पाचवा मी वाचला, “तुमच्याबद्दल घरचे जे सांगतात, त्यातलं खोटं काय?”

मेथीच्या काड्या मोडायचा आवाज थांबला.

“हे तू विचारतेयस?” शलाका म्हणाली.

“कागदावर आहे म्हणून विचारतेय. काही नाही लिहू का?”

“बाबा नोकरीनिमित्त बाहेरगावी आहेत, हे.”

मी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

शलाकाचे वडील इस्लामपूरला राहायचे. आमच्याच जुन्या घरात. मी शलाकाला घेऊन सांगलीला आले त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. दारू नव्हती, मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती. सांगण्यासारखं कारण असतं तर मी सांगितलं असतं. आम्हाला एकमेकांबरोबर राहता येत नव्हतं, एवढंच होतं, आणि एवढ्यासाठी कुणी नवऱ्याला सोडतं का? आणि ज्या बाईनं नवरा सोडला तिच्याकडं लग्न जमवायला कोण येणार? म्हणून मी ती ओळ लिहिली. एकदा लिहिल्यावर ती बदलता येईना.

“ते तसं लिहावं लागतं,” मी म्हटलं. “तुझ्यासाठीच लिहिते मी.”

“माहीत आहे. पण मी प्रत्येकाला सांगितलं, आई.”

“काय सांगितलंस?”

“गच्चीवर. एकोणीसच्या एकोणीस जणांना. की बाबा बाहेरगावी वगैरे नाहीत, आईबाबा वेगळे राहतात. लग्नाआधी एवढं तरी त्यांना कळायला हवं ना?”

“तरीच! तरीच सगळे नाही म्हणाले. अगं, मी जपून जपून झाकलं आणि तू वर जाऊन...”

“तुम्ही वेगळे राहता म्हणून कुणी नकार दिला नाही.” ती माझ्याकडं बघत होती. “बहुतेकांना त्याचं काही वाटलं नाही. एकाचे तर स्वतःचेच आईवडील वेगळे होते. पण खाली जाऊन घरी सांगायचं कसं, यावर अडायचं सगळं. फॉर्ममध्ये एक, मुलगी सांगते दुसरं. घरचे विचारायचे, अजून काय काय खोटं आहे? तो इचलकरंजीचा होता बघ, त्यानं मला स्पष्ट विचारलं. तुमच्या आईनं एवढं लपवलं, तर अजून काय लपवलं असेल? मला काय उत्तर देता येणार होतं?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तीनदा सांगितलं, ती ओळ काढ म्हणून. तू म्हणालीस, तुला यातलं कळत नाही.”

म्हणाले होते. तिन्ही वेळा म्हणाले होते, आणि एकदा तर माझ्या हातात त्याच फॉर्मचा गठ्ठा होता. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी दुसऱ्यांच्या आयांना कितीदा ऐकवलं असेल. माझ्या मुलीला एकाही मुलानं नाकारलं नव्हतं. एकोणीस वेळा लोकांनी माझी ती एक ओळ नाकारली होती, आणि मी पोरीच्या जिभेला दोष देत बसले होते.

“तू भेटतेस तुझ्या बाबांना?” मी विचारलं.

“दर महिन्याला. दुसऱ्या शनिवारी.”

दुसऱ्या शनिवारी ती मैत्रिणीकडं जाते असं मला वाटायचं. मी मेथीची एक जुडी ओढली आणि पानं खुडायला लागले.

“माझं विचारतात?”

“दर वेळी. गुडघे कसे आहेत म्हणून.”

मला रडू आलं. राग होता, लाज होती, आणि ते गुडघ्याचं ऐकून तर धड काहीच सुचेना. शलाका उठली नाही, जवळ आली नाही, ती तसली नाहीच. तिनं माझ्या हातातली जुडी घेतली, कारण मी पानं टाकून काड्या ठेवत होते.

“सहावा प्रश्न राहिला,” ती थोड्या वेळानं म्हणाली.

सहावा प्रश्न म्हणजे अपेक्षा. तिनं सांगितली, मी लिहून घेतली. मग तिथंच बसून स्वप्नालीला फोन लावला. काम संपलं, फोन करू नकोस, हे मी चार तासांपूर्वीच बोलले होते, पण त्या बयेनं पहिल्याच रिंगला उचलला.

“वडलांचं बदलायचंय,” मी म्हटलं. “लिही. वडील, इस्लामपूर. आईवडील वेगळे राहतात.”

टाइप केल्याचा टकटक आवाज आला. “किती वर्षं, लिहू का मॅडम?”

“ते कशाला?”

“नाहीतर लोक कालच झालंय समजतील आणि मिटवायला येतील.”

“चौदा लिही,” मी म्हटलं, आणि रडता रडता मला हसू आलं.

रविवारी मंगल कार्यालय भरलं होतं. निवेदन दरवर्षी मीच करायची. उमेदवार नंबराचा बिल्ला लावून स्टेजवर यायचा, मी पुस्तिकेतला परिचय माइकवर वाचायची, मग तो दोन शब्द बोलायचा. त्या दिवशी लोक पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी बायका एकमेकींच्या साड्या बघायच्या. म्हैस धरून सगळं छापलं होतं, कारण मगदूमांच्या धनंजयनं स्वतः फोन करून सांगितलं होतं, की म्हैस राहू द्या. सेहेचाळीसपर्यंत मी वाचत आले.

“नंबर सत्तेचाळीस. शलाका नांद्रेकर.”

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी वाचायला लागले. घड्या घालायला आवडत नाही, दुसऱ्याच्या वतीनं कुणी बोललं की राग येतो. पुढची ओळ आली तेव्हा मी श्वास घेतला. “वडील, इस्लामपूर. आईवडील चौदा वर्षं वेगळे राहतात.”

सभागृहात पुस्तिकेची पानं उलटल्याचा आवाज झाला. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. तेरा वर्षं ज्यांच्या घरी मी हक्कानं गेले, ती सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी पुस्तिका मिटली आणि कसंबसं म्हटलं, “नंबर अठ्ठेचाळीस...”

“मॅडम, अपेक्षा राहिली!”

तिसऱ्या रांगेत एक किडकिडीत मुलगी उभी राहिली होती. डोक्यात अबोलीचा गजरा, हातात पुस्तिका. आवाज ऐकल्याबरोबर मी ओळखलं. आटपाडीहून एवढ्या लांब आली होती ती, चारचौघांत माझी चूक काढायला.

“पाणी घे,” शलाका हळूच म्हणाली. मी पाणी घेतलं, पुस्तिका पुन्हा उघडली आणि चष्मा पुसला.

“अपेक्षा,” मी वाचलं. “हे लपवावं असं ज्याला वाटणार नाही, असा कुणीही.”

मग मी अठ्ठेचाळीस नंबरचं नाव पुकारलं.